तिसऱ्या दाराचा राखणदार

स्नेहा त्या खोलीत गेली ती हेल्मेट परत द्यायला. बसायचा तिचा विचार नव्हता.

खोली शहरातल्या कॅनडा कॉर्नर चौकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. तिची लहानपणापासूनची मैत्रीण पूजा तिथे कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी चित्रं काढायची. आदल्या दिवशी पूजाने तिला स्कूटर दिली होती आणि हेल्मेट स्नेहाकडेच राहून गेलं होतं. जानेवारीची सकाळ होती. स्नेहा जिना चढून आली तेव्हा पूजा जागेवर नव्हती. खिडकीपाशी एक जण कानांवरून मफलर गुंडाळून बसला होता. त्याच्यापुढे दोन पडदे होते. एकावर नुसते आकड्यांचे रकाने, दुसऱ्यावर डोंगरातलं एक दगडी दार.

"पूजा आहे?"

"पोहे आणायला गेलीय खाली." त्याने वळून पाहिलं नाही. "तुम्ही गेम खेळता?"

"नाही."

आता तो वळला. "कधीच नाही?"

"मोबाइलवर लुडो. तेही लग्नात कंटाळा आला तर."

"लुडो चालेल! म्हणजे... लुडोवालंच माणूस पाहिजे होतं. बसा ना. दहा मिनिटं."

त्याने घाईघाईने खुर्चीवरची वायर उचलली. गेम जवळजवळ तयार होता, पण ज्यांनी ज्यांनी तो खेळून पाहिला ते सगळे आधीचेच तरबेज. नवीन माणूस कुठे अडकतो, कुठे कंटाळतो, हे कुणी सांगतच नव्हतं. पूजा चित्रं काढायची आणि हा आकडे ठरवायचा. कुणाचा घाव किती लागावा, कुणी किती टिकावं.

"हे हेल्मेट कुठं ठेवू?" स्नेहाने विचारलं.

"डोक्यावरच राहू द्या. लागेल."

स्नेहाला हसू आलं आणि ती बसली.

पडद्यावर पहिला प्रश्न पातळीचा होता. सोपी, मध्यम, कठीण, अतिकठीण. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकदा निवडलेली पातळी पुढे बदलता येणार नाही.

"कठीण घेतली तर काय होतं?"

"मराल."

"आणि सोपी घेतली तर?"

"तरी मराल. पण प्रेमाने." बोलून गेल्यावर तोच ओशाळला. "म्हणजे... हळूहळू."

स्नेहाने कठीणवर बोट ठेवलं.

"अहो, पहिल्यांदा खेळताय तुम्ही. सोपी घ्या."

"नवीन माणूस कुठं अडकतो ते बघायचंय ना तुम्हाला? मग सोपी घेऊन कशी अडकणार मी?"

त्याने मफलर काढून बाजूला ठेवला. थंडी तेवढीच होती.

"नाव काय तुमचं?"

"संघर्ष."

"आईवडिलांनी ठेवलंय की गेमसाठी घेतलंय?"

"आईवडिलांनी. शाळेत पोरं विचारायची, काय रे, संघर्ष कुठे चाललाय? मी म्हणायचो, डबा खायला."

गेममध्ये एक बाई एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन घाट चढत जायची. घाटात सात दारं होती आणि प्रत्येक दारावर एक राखणदार. सुरुवातीला दहा गुण मिळायचे. ते बळ, चपळाई आणि तग अशा तिन्हींत वाटायचे. स्नेहाने सात गुण तग या खान्यात टाकले.

"सगळे बळात टाकतात," संघर्ष म्हणाला.

"टाकू देत."

दहा मिनिटांचा दीड तास झाला. पूजाने आणून ठेवलेले पोहे गार झाले. स्नेहा पहिल्या दारापर्यंत पोहोचण्याआधी चौदा वेळा मेली आणि प्रत्येक वेळी तिने पूजाच्या टेबलावरच्या वहीत टाचण केलं. कुठे मेली, कितव्या घावाला मेली, प्रत्येक घावाला जीव किती कमी झाला. संघर्ष बघत राहिला.

"हे काय लिहिताय?"

"सवय आहे."

तिचं कामच ते होतं. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीचा माल भरतात तिथे, ती द्राक्षांची गोडी मोजायची. शेतकरी माल काढण्याआधी नमुन्याचे घड घेऊन येत. ती मणी दाबून रसाचा थेंब मीटरच्या काचेवर टाकायची, आत बघायची आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायची. सोळा किंवा वर आला तर माल बाहेरदेशी जायचा. सोळाच्या खाली आला तर नाही. हंगामात ती रोज दोन-तीनशे आकडे लिहायची. गुरुवारी सुट्टी असायची.

"पुढच्या गुरुवारी येता?" संघर्षने विचारलं. मग घाईने म्हणाला, "टेस्टिंगसाठी."

"टेस्टिंगसाठी येते," स्नेहा म्हणाली.

मधे पुन्हा खाली गेलेली पूजा तेव्हाच दारात आली होती. ती दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "माझं हेल्मेट द्यायला आली होतीस ना गं?"

*

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. नाश्ता करून निघायची ती दुपारी परत यायची. तिच्या वडिलांनी, सहादूंनी, दोन आठवडे काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एवढंच विचारलं की दुपारचं जेवण घरी का बाहेर.

दुसरं दार तिने तिसऱ्या गुरुवारी पार केलं. तिसऱ्या दारावर मात्र गाडी अडकली. तिथला राखणदार काळ्या दगडाचा होता, हातात घण. त्याचा घण सहा वेळा लागला की संपलं. मेल्यावर पार खालच्या वळणावरून चालत वर यावं लागायचं. त्यालाच तीन मिनिटं जायची.

चौथ्या गुरुवारी ती त्याच्यासमोर नऊ वेळा मेली.

"पातळी खाली आणायची का?" संघर्षने हळूच विचारलं. "बाहेरून येत नाही आणता, पण मला आतून येते."

"हात लावू नका."

"बरं."

"चेहरा असा का केला?"

"कसा?"

"माझंच तेरावं असल्यासारखा."

तो हसला, पण पुरतं नाही. यापूर्वी दोन जण तिसऱ्या दारावर कंटाळून गेले होते ते परत आले नव्हते. हे तिला पूजाने सांगितलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी ती जास्त टिकली. राखणदाराचे आठ घाव तिने सोसले. तिला वाटलं, आता ढाल कधी उचलायची ते जमतंय. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिने त्याला पाडलं. दगड कोसळला, दार उघडलं, पलीकडे पूजाने काढलेली पहाट दिसली. स्नेहा खुर्चीतून उठून ओरडली तेव्हा खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने पॅकहाऊसमधून किलोभर काळी द्राक्षं पूजाच्या हाती संघर्षसाठी पाठवून दिली. घरी वडिलांना तिने सगळी लढाई उभी राहून दाखवली. सहादूंना त्यातलं काही कळलं नाही, पण ते शेवटपर्यंत बघत राहिले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आभाळ आलं. गुरुवार होता. स्नेहा आणि संघर्ष चहा घेऊन गॅलरीत उभे होते, तेव्हा थेंब पडायला लागले. रस्त्यावरचे लोक दुकानांच्या पत्र्यांखाली शिरले. हवेला ओल्या धुळीचा वास सुटला.

"मस्त," संघर्ष म्हणाला. त्याने हात बाहेर काढून पाणी तळव्यावर घेतलं.

स्नेहाने फोन काढला, पिंपळगावला लावला. "तिकडं पडतोय का?... बरं. नाही ना? बरं." मग फोन ठेवला.

"काय झालं?"

"आता पडला की मणी तडकतात. आज भरलेला घड उद्या नासतो."

त्याने हात आत घेतला आणि पँटला पुसला.

मग तिने त्याला गेणू मामाचं सांगितलं. आईचा सख्खा भाऊ, वणीच्या बाजूला त्याची बाग. दोन वर्षांपूर्वी तो नमुना घेऊन तिच्याच खिडकीशी आला. मीटरमध्ये पंधरा पॉइंट आठ आलं. मामा म्हणाला, पोरी, सोळा लिही. तिने पंधरा पॉइंट आठ लिहिलं आणि चार दिवसांनी परत आण म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. आख्खी बाग तडकली. तेव्हापासून मामा घरी आला नव्हता. आईच्या वर्षश्राद्धालाही नाही.

"तुमचं चुकलं नाही," संघर्ष म्हणाला.

"नाहीच चुकलं. पण कधी कधी वाटतं, लिहायला पाहिजे होतं." तिने कप कठड्यावर ठेवला. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

तो तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले.

"मला एक... एक सांगायचं होतं."

"काय?"

पाऊस थांबत आला होता. खाली एका रिक्षावाल्याने शिट्टी मारली.

"अजून चहा घेणार का?"

"हे सांगायचं होतं?"

"हो."

"अवघड होतं फार," ती म्हणाली आणि हसली. जाताना जिन्यात तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोच आहोत.

*

महिनाअखेरीला रजिस्टर सलग वाचायचं अशी पॅकहाऊसची पद्धत होती. रोज लिहिताना जे दिसत नाही, ते एका बैठकीत वाचलं की दिसतं. मीटर बिघडलाय, कुणाचा हात सैल पडतोय, एकाच बागेचा आकडा दोनदा लिहिलाय. मार्चअखेरच्या बुधवारी संध्याकाळी स्नेहाने घरी बसून गेमची वही तशीच वाचली. काही शोधायचं म्हणून नाही. चौथं दार कसं पार करायचं त्याचा विचार चालला होता.

चौथ्या गुरुवारपर्यंत तिसऱ्या राखणदाराचा प्रत्येक घाव अठराने जीव कमी करत होता. पाचव्यापासून अकराने. ढाल वर असो की खाली, अकरा. पानभर अकरा.

ती वही मिटून बसली. मग पुन्हा उघडली.

सकाळी ती नऊलाच खोलीवर गेली. संघर्ष यायचा होता. तिने पूजाला नवा खेळ लावून तिसऱ्या दारापाशी नेऊन दे म्हणून सांगितलं. कठीण पातळी. राखणदाराने घण मारला. अठरा.

"काय गं?" पूजा म्हणाली.

"काही नाही."

संघर्ष आला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "आज लवकर?"

"तिसऱ्या दाराचा राखणदार किती मारतो?"

"अं... अठरा."

"आणि मला?"

त्याने बॅग खांद्यावरून काढली नाही. पूजाने मान वर केली.

"अकरा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"नऊ वेळा मेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं तुम्ही येणार नाही परत. त्या दोघांसारखं."

"मी म्हटलं होतं हात लावू नका."

"हो."

"मी तुला मामाचं सांगितलं." तिने पहिल्यांदा त्याला तू म्हटलं, ते असं. "तिथं, त्या गॅलरीत. आईच्या भावाला मी दोन दशांश दिले नाहीत. आणि तू मला सात सात देत होतास. आणि गप्प उभा होतास."

"सांगणार होतो—"

"चहाचं विचारलंस."

ती वही घेऊन निघाली. जिना उतरताना तिला रडू आलं नाही. तिला आठवत होतं ते खुर्चीतून उठून ओरडणं, आणि वडिलांना उभं राहून दाखवलेली लढाई. त्याची तिला लाज वाटत होती.

*

त्याचे दोन मेसेज आले. तिने उत्तर दिलं नाही. पुढचा गुरुवार घरी गेला, त्याच्या पुढचाही.

सहादू स्वयंपाकघरात वांग्याची भाजी करत होते. बायको गेल्यावर पहिले सहा महिने कॉलनीतून त्यांना डबे यायचे. मालनबाई सकाळी, मीना संध्याकाळी. सगळ्यांना वाटायचं, या माणसाचं जरा सोपं व्हावं. एक दिवस सहादू दारात उभे राहिले आणि मालनबाईंना म्हणाले, वहिनी, उद्यापासून डबा नको, मला करपवू द्या. पुढे वर्षभर त्यांनी करपवलं. आता भाजी बरी व्हायची. मीठ अजून चुकायचं.

"गुरुवारी जायचीस ना कुठं?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

तिने सगळं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण सगळं.

"खोटं ते खोटंच," सहादू म्हणाले. त्यांनी गॅस बारीक केला. "पण त्याला भीती कशाची होती म्हणालीस?"

"मी येणार नाही याची."

"हं. आणि तू काय केलंस?"

स्नेहा ओट्यावरची वांग्याची देठं गोळा करू लागली.

"मी त्याची बाजू घेत नाही," सहादू म्हणाले. "बघ मीठ झालंय का."

*

सोमवारी पॅकहाऊसच्या खिडकीपुढे रांग होती. हंगाम सरत आला होता, तरी पंधरा-वीस जण हातात पिशव्या घेऊन उभे होते. स्नेहा मान खाली घालून काम करत होती.

देवळा गावाकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नमुना पंधरा पॉइंट चार आला.

"बाई, सोळा लिहा की. लय लांबून आलो."

"नाही लिहिता येणार, बाबा."

"कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. चार दिवसांनी या. बागेचं पाणी तोडा, आणि मधल्या ओळीतले घड आणा, कडेचे नको." तिने एक चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. "ही दाखवा. परत रांगेत उभं राहायचं नाही. सरळ खिडकीशी यायचं."

म्हातारा चिठ्ठी टोपीत ठेवून पुटपुटत गेला.

"पुढचे. नमुना?" तिने वर न बघता हात पुढे केला.

हातात घड आला नाही, कागद आला. तिने वर पाहिलं, तर संघर्ष उभा होता. उन्हाने त्याचं नाक लाल झालं होतं.

"किती वेळ उभा आहेस?"

"सव्वा तास. हे लोक फार चांगले आहेत. मला दोघांनी विचारलं, बाग कुठंय म्हणून."

"काय सांगितलंस?"

"कॅनडा कॉर्नर."

ती हसली नाही, पण तिला ओठ दाबावे लागले. तिने कागद उघडला. त्याने हाताने रकाने आखले होते. तारीख, जागा, खरा आकडा, तिला दिलेला आकडा. एकूण सात ठिकाणी त्याने कमी केलं होतं. तिसऱ्या राखणदाराचा घण. त्याचा वेग. चौथ्या दाराच्या वाटेवरचे लांडगे. सगळं लिहिलं होतं. जिथे काही बदललं नव्हतं, तिथेही लिहिलं होतं.

तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दुसरं दार?"

"त्याला हात लावला नाही. ते तुम्ही... तू स्वतः पार केलंस. कठीणवर."

"खरं?"

"खरं. पूजाला विचार. आता तुझ्या खेळातलं सगळं होतं तसं केलंय. तू तिसऱ्या दाराबाहेर आहेस. राखणदार आत आहे. अठराचाच."

मागचा शेतकरी खोकला. "बाई, ह्यांचा माल कुठं हाय?"

"ह्यांचा नुसता कागद आहे," स्नेहा म्हणाली. तिने घडी घालून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. "सरक बाजूला. लोक खोळंबलेत."

"गुरुवारी?"

"सरक."

तो बाजूला झाला. पण लगेच गेला नाही. म्हाताऱ्याला दिली तशी चिठ्ठी तिने आणखी दोघांना दिली, ते तो भिंतीला टेकून बघत राहिला. मग एसटी पकडायला गेला.

*

गुरुवारी ती गेली. पूजाने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः खाली झेरॉक्स काढायला निघून गेली. झेरॉक्स काढण्यासारखं तिच्या हातात काही नव्हतं.

"तू तिकडं बस," स्नेहाने संघर्षला सांगितलं. "भिंतीपाशी. आणि हात दिसू देत."

"वर करू?"

"डोक्यावर ठेव."

तो डोक्यावर हात ठेवून बसला. ती खेळू लागली. पहिल्याच फेरीत राखणदाराने तिला सहा घावांत झोपवलं. अठरा, अठरा, अठरा. तिने लिहून घेतलं. पण पुन्हा उभी राहिली ती खालच्या वळणावर नाही. दारापासून दहा पावलांवर एक शेकोटी होती, तिथे.

"हे नवीन आहे."

"हो. राखणदार तोच आहे. त्याला हात लावलेला नाही. फक्त मेल्यावर तीन मिनिटं चालायला लागत नाही." तो थांबला. "सगळ्यांसाठी केलंय, तुझ्या एकटीसाठी नाही. त्या म्हाताऱ्याला तू चिठ्ठी दिलीस ना, तेव्हा सुचलं. आकडा तोच, फक्त रांग नको."

तिने शेकोटीकडे एकदा नीट बघून घेतलं, मग ती परत दाराकडे गेली.

बावीस वेळा मेली. बाविसाव्या वेळी राखणदाराचा जीव एवढासा उरला होता. अजून एक वार बसता तर तो पडता. संघर्षच्या तोंडून हाय निघाली आणि त्याचे हात डोक्यावरून खाली आले.

"हात!"

"सॉरी."

ती उठली. बोटं दुखत होती. "आज बास. पुढच्या आठवड्यात."

"पडेल असं वाटतंय तुला?"

"तुला काय वाटतं?"

त्याने विचार केला. "सांगता येत नाही. तू उजवीकडे उशिरा वळतेस."

स्नेहाने वहीत लिहिलं : उजवीकडे उशिरा. तिला फार बरं वाटलं.

*

त्याच दिवशी गंगापूर रोडला उसाच्या रसाची गाडी लागली होती. दुपारचे तीन वाजले होते आणि उन्हामुळे फारसं कुणी नव्हतं. ती दोघं बाकावर बसली. चरकाचे घुंगरू वाजत होते. संघर्षने ग्लास हातात घेतला, पण प्यायला नाही.

"दोन गोष्टी सांगायच्यात," तो म्हणाला. "एक वाईट आहे. ती आधी सांगतो."

"दुसरी आधी सांग."

"नाही. दुसरी आधी सांगितली तर तू कदाचित... मग वाईट ऐकल्यावर तुला मागं फिरता येणार नाही."

"बरं. सांग."

"हैदराबादच्या एका कंपनीने बोलावलंय. आमचा गेम पाहिला त्यांनी. दीड वर्षाचं काम आहे, जूनपासून. मी गेल्या आठवड्यात हो म्हटलं."

स्नेहाने ग्लास खाली ठेवला. जून म्हणजे दोन महिने.

"मला विचारलं नाहीस."

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी."

ते खरं होतं. तिने मान हलवली.

"दुसरी?"

तो ग्लासकडे बघत राहिला. "तू... म्हणजे गुरुवारी तू आलीस की..." परत थांबला. "मी पहिल्या दिवशी ते पोहे..."

"मी मदत करणार नाही हं," स्नेहा म्हणाली.

"माहीत आहे." त्याने श्वास घेतला. "तू मला आवडतेस. लग्न करावं असं वाटतं. आत्ता नाही. म्हणजे वाटतं आत्ताच, पण आत्ता जमणार नाही."

"झालं?"

"झालं."

घुंगरू थांबले. रसवाला पुढचा ऊस सोलत होता. स्नेहाच्या मनात आलं की आता तो म्हणेल, दर पंधरा दिवसांनी येईन. ते ऐकायला बरं वाटलं असतं. ती थांबली. तो तसं म्हणाला नाही.

"किती वेळा येशील?" तिने विचारलं.

"दोन-तीन महिन्यांतून एकदा. जास्त सांगितलं तर खोटं होईल."

"फार कमी आहे."

"हो."

"मला त्रास होईल."

"मलाही होईल. तुझ्याइतका की नाही, माहीत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो घाबरला होता आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"हो," स्नेहा म्हणाली.

"काय हो?"

"दुसऱ्या गोष्टीला हो."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तो एकदम बोलायला लागला. "मी बोलून बघतो त्यांच्याशी. अर्धं काम इथूनही होतं. नाहीतर वर्षभरातच—"

"नको."

"अगं, पण विचारून बघायला काय—"

"आत्ता नको काही. आहे तेवढं आहे. ते मला कळू दे आधी."

रसाचा फेस बसला होता. स्नेहाने आपला हात बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवला. त्याच्या हातापासून तो वीतभर लांब होता. तिने तो पुढे सरकवला नाही आणि मागेही घेतला नाही.

हात पुढे करायला त्याला थोडा वेळ लागला. ती थांबली.